आठ रुपयांचं मत आणि एक खुर्ची

(तालुक्याच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं सरळ करून दिलं आहे.)



बाया-बापयांनो, मागच्या महिन्यात एका पाड्यावर रात्री बैठक होती. सगळं बोलून झालं, दंडाच्या पावत्या गोळा करून झाल्या, आणि मागे बसलेली एक आजी म्हणाली, "पोरांनो, मत आम्ही देतो. निवडून येतो तो पण आपलाच माणूस. मग दंड मीच कशी भरते?" आम्ही तेव्हा कायतरी उत्तर दिलं. खरं सांगायचं तर आम्हाला उत्तर येत नव्हतं. त्यानंतर आम्ही दोघं-तिघं बसलो, वकिलांकडून जुनी पुस्तकं मागून आणली. इंग्रजी आमचं बारावीपर्यंतचं, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. आज त्या आजीला उत्तर द्यायला उभे आहोत. ती इथेच समोर बसलीय.

उत्तर इंग्रजाच्या राज्यापासून सुरू करावं लागतं. कंटाळू नका, शेवटी आपल्या ग्रामसभेवरच येणार आहोत.

इंग्रज सरकारने आपल्या मुंबई इलाख्यात लोकल फंड सुरू केला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्यातून रस्ते आणि शाळा करायच्या. १८६९ साली त्याचा कायदा झाला. आणा सगळ्यांकडून घेतला. रस्ता कुठे करायचा ते साहेबाने ठरवलं. आपल्या भागात पहिला रस्ता आला तो लाकूड बाहेर काढायला आला, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि नकाशा बघितला तर ते पटतं.

मग रिपन नावाचा व्हॉइसरॉय आला. १८ मे १८८२ ला त्याने ठराव केला की लोकांनी आपला कारभार आपण करायला शिकलं पाहिजे, त्यासाठी बोर्डं काढा. त्यावरून आपल्याकडे १८८४ साली लोकल बोर्डाचा कायदा झाला. जिल्ह्याचं बोर्ड, तालुक्याचं बोर्ड. काही सभासद निवडलेले, काही सरकारने नेमलेले. ऐकायला चांगलं वाटतं. पण जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कोण? कलेक्टर. तालुका बोर्डाचा? प्रांत. म्हणजे जो सारा वसूल करतो, ज्याच्या हाताखाली मामलेदार आणि पोलीस पाटील, त्याच्याच समोर बसून सभासदाने बोलायचं. आणि बोलायचं तरी कशावर? रस्ता, विहीर, धर्मशाळा, दवाखाना, शाळा. सारा किती घ्यायचा यावर नाय. जंगलाची हद्द कुठे घालायची यावर नाय. पोलिसावर तर नायच.

रिपन माणूस वाईट नव्हता असं पुस्तकं म्हणतात. असेल. पण त्याच्या ठरावाच्या चारच वर्षं आधी, १८७८ ला, त्याच सरकारने जंगलाचा मोठा कायदा केला होता. राखीव जंगलाच्या हद्दी पडायला लागल्या, राबाचा पाला तोडायला अडवायला लागले, गुरं कोंडवाड्यात जायला लागली. एका हाताने जंगल घेतलं आणि दुसऱ्या हाताने धर्मशाळेची विहीर दुरुस्त करायचा अधिकार दिला. तो पण आपल्याला नाय, बोर्डातल्या खोतांना, इनामदारांना, वकिलांना.

मुंबईच्या कौन्सिलातही तेच. १८६१ ला कौन्सिलात काही हिंदी माणसं नेमली. १८९२ ला त्यांना बजेटवर बोलायची आणि प्रश्न विचारायची परवानगी दिली. मत टाकायची नाय बरं का, बोलायची फक्त. १९०९ ला निवडणूक थोडी वाढली. आम्ही हे वाचताना एक शब्द सारखा सारखा पुढे येत होता, तो लक्षात ठेवा: सल्ला. निवडून आलेला माणूस सल्ला देणार, सही साहेब करणार.

१९१९ चा कायदा आला तेव्हा पहिल्यांदा मंत्री झाले. खात्यांचे दोन भाग केले. पोलीस, सारा, तिजोरी ही खाती गव्हर्नरने आपल्याकडे ठेवली. शाळा, दवाखाने, लोकल बोर्डं ही मंत्र्यांना दिली. आता इथे एक गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती, वाचून आम्ही गप्पच झालो. बाकीच्या इलाख्यांत जंगल खातं साहेबाकडेच राहिलं. फक्त ब्रह्मदेशात आणि आपल्या मुंबई इलाख्यात ते मंत्र्याकडे आलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना रानात अडवणाऱ्या गार्डाचा वरचा धनी हा कागदावर लोकांनी निवडलेला, लोकांना जबाबदार असलेला हिंदी मंत्री होता.

मग दंड थांबला का? नाय थांबला. का नाय थांबला ते मत कोणाला होतं ते बघितलं की कळतं.

त्या वेळी सगळ्यांना मत नव्हतं. गावाकडे मत जमिनीच्या आकारावर होतं. बहुतेक जिल्ह्यांत वर्षाला ३२ रुपये आकाराची जमीन पाहिजे, तेव्हा माणूस मतदार. आता आपल्या डोंगरातला हिशेब करा. भाताची खाचरं खाली, ती सावकाराकडे गेलेली. वर नागली-वरईची वरकस जमीन, तिला आकार एकराला आण्यांत. ३२ रुपये आकार व्हायला किती डोंगर पाहिजे? आणि जंगलातला प्लॉट तर कोणाच्या नावावरच नाय, त्याला आकार कसला? ज्याची जमीन सावकाराने कागदावर अंगठा घेऊन नावावर केली, त्याची जमीन तर गेलीच, पण तिच्याबरोबर मतही गेलं. आणि ते सावकाराच्या पदरात पडलं. जितक्या जमिनी त्याने घेतल्या तितका तो मोठा मतदार, तितका मंत्री त्याचं ऐकणार. जंगलाचा मंत्री लोकांना जबाबदार होता हे खोटं नव्हतं. त्याच्या लोकांत आपण नव्हतो, एवढंच.

याच काळात दिल्लीच्या सभेने १९२७ चा जंगल कायदा केला. आज गार्ड ज्याचं कलम सांगून विळा-कोयता जप्त करतो तोच. ती सभा निवडणारे मतदार सगळ्या देशात मिळून दहा-बारा लाखांच्या घरात होते. ब्रिटिश मुलखात माणसं होती चोवीस-पंचवीस कोटी. त्या दहा-बारा लाखांत रानात राब जाळणारा किती होता, ते तुम्हीच समजा.

आता १९३५. इथे नीट ऐका, कारण आपल्या भागाचं नाव कायद्यात आलं ते इथे.

१९३५ च्या कायद्याने मताची अट खाली आणली. आपल्याकडे ३२ रुपयांचे ८ रुपये झाले. बाईला मत मिळालं ते बहुतेक नवऱ्याच्या मिळकतीवरून, नायतर लिहिता-वाचता येत असेल तर. मुंबईची असेंब्ली झाली १७५ खुर्च्यांची. त्या खुर्च्या कशा वाटल्या ते आम्ही वहीत उतरवून आणलंय. व्यापारी आणि कारखानदारांना ७. जमीनदारांना वेगळ्या २. गोऱ्या युरोपियनांना ३. आणि 'मागास भाग व जमाती' म्हणून आपल्याला १. एक. ठाण्यातले वारली, कातकरी, कोळी, ठाकर, कोकणा, नाशिकचे कोकणा आणि महादेव कोळी, खानदेशचे भिल्ल आणि पावरा, तेव्हा याच इलाख्यात असलेले गुजरातचे भिल्ल आणि दुबळा, सगळ्यांची मिळून एक खुर्ची. तिकडे मध्यप्रांत-वऱ्हाडात गोंड, कोरकू, माडिया सगळ्यांना मिळून ११२ मध्ये एक. समजा, त्या एका खुर्चीवर देवमाणूस बसला. १७४ जणांसमोर तो एकटा काय करणार?

त्याच कायद्याने नकाशावर रेषा मारली. काही मुलूख 'वगळलेले' आणि काही 'अंशतः वगळलेले' ठरवले. १९३६ च्या हुकमात त्यांची यादी आहे. आपल्याकडचं डहाणू, उंबरगाव, मोखाडा. नाशिकचं पेठ आणि कळवण. पश्चिम खानदेशात अक्राणी, तळोदे, नवापूर, शहादे, नंदुरबार आणि मेवाशी चीफांची गावं. पूर्व खानदेशात सातपुड्याचं राखीव जंगल. चांद्याकडे अहेरीची जमीनदारी, अमरावतीकडे मेळघाट. (जव्हार यादीत नाय, कारण ते राजाचं संस्थान होतं. तिथे आपल्या माणसाला ही एक खुर्ची पण नव्हती.) आपली तलासरी त्या वेळी उंबरगावातच होती. म्हणजे आपण आज इथे बसलोय ती जागा त्या रेषेच्या आतली.

रेषेच्या आत नियम असा, की असेंब्लीने केलेला कुठलाही कायदा आपोआप लागू होणार नाय. गव्हर्नर जाहीर करेल तेव्हाच लागू, आणि त्यात तो पाहिजे तो बदल करेल. शिवाय गव्हर्नर स्वतः वेगळे नियम करू शकेल. कारण काय दिलं? हे लोक भोळे आहेत, बाहेरचे वकील आणि सावकार त्यांना लुबाडतील, म्हणून संरक्षण.

आम्ही यावर आपसात भांडलो, ते पण सांगतो. आमच्यातला एक म्हणाला, संरक्षणाची गरज होतीच ना, बाहेरचा कायदा आला की जमीन जाते हे आपण भोगलंय. त्याचं खरं आहे. बाहेरच्या कायद्याला वेशीवर थांबवायची सोय आम्हालाही पाहिजेच. पण बघा, रेषा मारली तेव्हा सावकार रेषेच्या आतच होता. जंगल खातं आतच होतं. दारूचा ठेकेदार आतच होता. रेषेने बाहेर अडवली फक्त असेंब्ली. आणि दार उघडायचं की नाय हे ठरवणार गव्हर्नर, ज्याला आपण निवडलं नाय आणि काढूही शकत नाय. घराला कुलूप लावलं, चोर आत, आणि किल्ली मुंबईच्या साहेबाच्या खिशात.

हे आम्ही मनाचं बोलत नाय. १९३७ ला निवडणूक होऊन बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. त्यांच्या काळात सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला या अंशतः वगळलेल्या भागांची चौकशी करायला लावली. त्याचा रिपोर्ट १९३९ साली छापला गेला. सरकारचाच माणूस, पण त्याने ठाण्यातली वेठ लिहिली, जमीनदाराची मारहाण लिहिली, कर्जापायी राबणारी माणसं लिहिली. संरक्षणाच्या रेषेच्या आत हे सगळं राजरोस चाललेलं होतं.

रिपोर्ट छापला, आणि त्याच वर्षी महायुद्धावरून काँग्रेसच्या सरकारांनी राजीनामे दिले. गव्हर्नरने सगळा कारभार स्वतःकडे घेतला. १९४६ पर्यंत मुंबईत निवडलेलं सरकारच नव्हतं. ती एक खुर्ची पण रिकामी. पुढाऱ्यांच्या हिशेबाने आपल्या लोकांना या वर्षांत तोंडच नव्हतं म्हणायचं. पण याच वर्षांत काय झालं ते इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. २३ मे १९४५, झरी गाव. हजारोंनी वारली जमले. गोदूताई आणि शामराव परुळेकर, किसान सभेचा लाल बावटा. वेठ करणार नाय, लग्नगडी राहणार नाय. ठराव झाला आणि लोकांनी गावोगाव जाऊन तो पाळला. पावसानंतर ५०० रतल गवत कापायला अडीच रुपये मागितले, संप केला. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि त्याच्या बरोबरचे गेले.

तिथे कोणी आठ रुपये आकाराचा दाखला मागितला नाय. बाया बसल्या, म्हातारे बसले, कर्जात बांधलेला गडी बसला, आणि जे ठरलं त्याची अंमलबजावणी करणारेही तेच होते. वेठ कुठल्या असेंब्लीच्या मतदानाने गेली नाय, झरीच्या ठरावाने गेली. आम्ही पुस्तकात शोधत बसलो होतो की इंग्रजाच्या राज्यात आदिवासीचं खरं प्रतिनिधित्व कुठे होतं, आणि ते आमच्याच घराच्या मागे निघालं.

पण त्याच्या पुढचं पण सांगायला पाहिजे, नायतर अर्धंच सांगितलं असं होईल. १९४६ ला खेरांचं सरकार परत आलं. निवडलेलं सरकार, आपल्या लोकांचं सरकार. त्याच वर्षी मजुरीचा संप झाला तेव्हा त्याच सरकारने परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढलं. वेठीवर रिपोर्ट लिहून घेणारे तेच, वेठ मोडणाऱ्यांना हद्दपार करणारे पण तेच. म्हणून कोणी नुसतं म्हणालं की आता सरकार आपलं आहे, तर आम्ही आधी विचारतो, आपलं म्हणजे कोणाचं?

मग देश स्वतंत्र झाला, घटना आली. आठ रुपयांची अट गेली, आजीला आणि सावकाराला सारखंच एक मत मिळालं. हे छोटं नाय, याच्यासाठी लोकांनी जीव दिलेत. घटना समितीत जयपालसिंग मुंडा आपल्या बाजूने उभे राहून बोलले. जुन्या रेषेच्या आतले बरेच भाग पाचव्या अनुसूचीत आले. पण एक फरक झाला तो फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. इंग्रजाच्या वेळी कायदा आपोआप लागू होत नसे, गव्हर्नरने हो म्हटलं तर लागू. आता उलटं. सगळे कायदे आपोआप लागू, राज्यपालांनी नाय म्हटलं तरच थांबणार. अधिकार मोठा आहे, राज्यपाल ठरवतील तर १९२७ चा जंगल कायदा आपल्या भागात बदलू शकतात. पण तो कायदा आजही आपल्याला लागूच आहे, तुमच्या पावत्यांवर कलमं आहेत. आदिवासी सल्लागार परिषद आहे, वीस जणांपर्यंत, त्यात तीन हिस्से आदिवासी आमदार. नाव ऐकलं ना? सल्लागार.

आता आजीचं उत्तर. आजी, तुझं मत खरं आहे, निवडून गेलेला माणूस पण खरा आहे. पण तू ज्या खुर्चीसाठी मत देतेस त्या खुर्चीला रस्ता, विहीर, शाळा एवढंच करता येतं. सातबारा तलाठ्याकडे, हद्द फॉरेस्टकडे, जप्ती गार्डाकडे. १८८४ ला जी वाटणी केली तीच चालू आहे. आमच्या ओळखीच्या एका गट ग्रामपंचायतीत सरपंच आपली बाय आहे, राखीव जागेवर निवडून आली. शिक्का ग्रामसेवकाच्या पिशवीत असतो. ठराव तो लिहून आणतो आणि ही चुलीपासून उठून सही करते. तिला काय बोलायचं? कलेक्टरपुढे बसलेल्या बोर्डांनी तेच केलं.

म्हणूनच आज हा मेळावा बोलावला. २४ डिसेंबर १९९६ ला दिल्लीत एक कायदा झाला. भुरिया समितीच्या शिफारशींवरून आला. अनुसूचित क्षेत्रात पंचायत राज कसं असावं याचा. त्यात लिहिलंय की वस्ती, पाडा हे पण गाव होऊ शकतं, त्याची स्वतःची ग्रामसभा. गौण वनउपज, सावकारीवर ताबा, गेलेली जमीन परत मिळवणं, हे विषय ग्रामसभा आणि पंचायतीकडे द्यायला सांगितलंय. राज्याने आपला कायदा वर्षभरात त्याप्रमाणे बदलायचा होता.

पण आम्ही तो शब्द-शब्द वाचलाय. जमीन संपादन करायच्या आधी ग्रामसभा 'किंवा' योग्य पातळीवरची पंचायत, यांचा 'सल्ला' घ्यावा असं आहे. हे दोन शब्द पाठ करा. 'सल्ला' म्हणजे १८९२ चं कौन्सिल. आणि 'किंवा' म्हणजे तुमच्या पाड्याला न विचारता तालुक्याला कोणालातरी विचारायची सोय. मुंबईत राज्याचा कायदा लिहायला बसले तेव्हा 'किंवा'च्या कुठल्या बाजूला पेन टेकतं त्यावर सगळं होतं. आपली मागणी आहे ग्रामसभाच, आणि सल्ला नाय, संमती. पाड्याची ग्रामसभा वेगळी, गट ग्रामपंचायतीत पुरलेली नाय.

तर काम असं. येत्या अमावस्येच्या आत प्रत्येक पाड्याने बसायचं. सगळ्या मोठ्या माणसांची नावं लिहायची, बायांची पण, नवऱ्याच्या नावाखाली नाय, स्वतःच्या नावाने. पाड्याची हद्द बोलून घ्यायची: कुठला ओढा, कुठली टेकडी, देव कुठे, मसण कुठे, गुरं कुठे जातात. ठराव आपल्याच पोरांनी लिहायचा, ग्रामसेवकाची वाट बघायची नाय. वाचून दाखवायचा, मग सह्या-अंगठे. दोन नकला, एक तहसीलदाराला देऊन पोच घ्यायची, एक आपल्या पेटीत. दंडाच्या पावत्या, जुने सातबारा, एकसाली प्लॉटचे कागद ज्याच्याकडे असतील ते पिशवीत बांधून आणा, पावसात भिजवू नका. ज्या पाड्यावर लिहिणारं कोणी नसेल त्यांनी आज जेवणाच्या वेळी आंब्याखाली आम्हाला गाठा, आम्ही येऊन लिहू. आजीच्या पाड्यावर परवा रात्री येतोय.